दत्तक मंजूर, प्रवास नामंजूर

फुलबागेतल्या राणीच्या समाधीवर दरवर्षी जूनमध्ये हार पडतात. भाषणे होतात, सर्व पक्षांचे पुढारी हजेरी लावतात आणि पाठीशी मूल बांधून घोडा फेकणाऱ्या राणीचे चित्र व्यासपीठामागे लागते. त्या चित्रातल्या मुलाविषयी मात्र कोणी चार शब्द बोलत नाही. ते मूल दत्तक होते. गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी, म्हणजे मृत्यूच्या आदल्या दिवशी, भाऊबंदांतल्या आनंदरावाला मांडीवर घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. विधी शास्त्राप्रमाणे झाला. इंग्रजांचा अधिकारी समक्ष हजर होता, खलिता त्याच्या हाती दिला गेला. आजच्या भाषेत सांगायचे तर कागदपत्रे पूर्ण होती. तरी १८५४ साली डलहौसीने ते दत्तक नामंजूर केले. पुढे त्याच मुलाच्या मुंजीसाठी, त्याच्याच नावाने सरकारात ठेवलेल्या सहा लाखांतून एक लाख काढायचे ठरले, तेव्हा राणीकडे जामीन मागितले गेले!

आणि आपल्या ग्वाल्हेरचे काय? ७ फेब्रुवारी १८४३ ला जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. ताराबाईंनी आठेक वर्षांच्या भगीरथरावाला दत्तक घेतले, तो जयाजीराव म्हणून गादीवर बसला आणि कंपनी सरकारने ते मान्य केले. (वर्ष सरायच्या आत महाराजपूर आणि पनिहारला लढाया झाल्या, ती कारभाराच्या भांडणाची कथा निराळी.) सरकार तेच, शास्त्र तेच, अंतर दहा वर्षांचे आणि शंभर किलोमीटरचे. एक दत्तक मंजूर, दुसरे नामंजूर. दत्तक देणारा एक, घेणारा दुसरा, आणि ‘हो’ म्हणणारा तिसराच कोणी टेबलामागे बसलेला, ही गोष्ट जुन्या ग्वाल्हेरकर घरांना नव्याने सांगायला नको.

हे सगळे आज उकरून काढायचे कारण आहे. आपल्या मंडळाच्या एका सभासदाच्या घरची हकीकत आहे. नाव-गाव सांगत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. थोरले दादा आणि वहिनी परदेशात पंधरा वर्षे स्थायिक, मूलबाळ नाही. धाकट्याची बायको दुसऱ्या मुलीच्या बाळंतपणानंतर काही महिन्यांत गेली. घरात आजी, दोन वर्षांची थोरली आणि पाळण्यातली धाकटी. सर्वांनी बसून विचार केला आणि धाकटी दादा-वहिनींच्या ओटीत घातली. लश्करातल्या घरातच होम झाला, गुरुजी जनकगंजातून आले, रजिस्ट्रार कचेरीत दत्तकपत्र नोंदले. हे २०१८ साल. वहिनी तीन आठवड्यांची रजा काढून आल्या होत्या. परतीचे तिकीट दोन मोठ्यांचे आणि एका तान्ह्याचे, असे काढूनच आल्या होत्या.

ती मुलगी त्या विमानात बसली नाही. पुढच्या वर्षीच्याही नाही. ती घरी गेली २०२२ साली. तेव्हा तिचे दुधाचे दात पडायला लागले होते.

मधल्या काळात काय झाले? एका कचेरीने सांगितले, दत्तकपत्र चालणार नाही, दिल्लीचा ना-हरकत दाखला आणा. दिल्लीत सांगितले, तुमचे दत्तक आमच्या कायद्याखाली झालेलेच नाही, मग दाखला कसला द्यायचा? वकिलातीत सांगितले, तुमच्या देशाने दाखला दिल्याशिवाय आम्ही व्हिसाचा अर्ज हातात घेत नाही. तिघेही आपापल्या जागी बरोबर होते, हेच तर दुर्दैव. वहिनी नोकरी टिकवायला परत गेल्या, सहा महिन्यांनी पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. नवे अर्ज झाले, तिकडच्या संस्थेने घर पाहून अहवाल लिहायला अर्धे वर्ष घेतले. तो अहवाल हाती आला आणि २०२० च्या मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय विमानेच बंद झाली. पोरगी आजीपाशी वाढत होती. आईला ती ‘मोबाइलमधली आई’ म्हणायची. आजीने हे सांगितले तेव्हा बैठकीत कोणी बोलले नाही.

आता प्रश्न असा की चूक कोणाची? आम्ही दोन्ही बाजूंना बोलणार आहोत. आधी सरकारला.

आपल्या घरांतली दत्तके आजवर १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने होत आली. त्यात मूल प्रत्यक्ष देणे-घेणे झाले पाहिजे, एवढे महत्त्वाचे. होमसुद्धा कायद्याने आवश्यक नाही, आणि दत्तकपत्र नोंदलेले असेल तर ते कायदेशीर आहे असे कोर्ट गृहीत धरते. तो कायदा आजही जिवंत आहे. २०१५ चा बालन्याय कायदा आला तेव्हा त्याच्या ५६ व्या कलमातच लिहून ठेवले की हिंदू कायद्याखालच्या दत्तकांना हा कायदा लागू नाही. ठीक. पण त्याच कलमात लगेच पुढे म्हटले आहे की एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी सगळी दत्तके याच कायद्याप्रमाणे व्हावीत. म्हणजे धाकट्याची मुलगी दादांची झाली, हे लश्करात खरे. ती मुलगी दिल्लीच्या विमानतळावर उभी राहिली की ते खोटे! एकाच मुलीला एका कलमाच्या दोन पोटकलमांत आई आहे आणि नाही. ज्यांनी हे लिहिले त्यांच्या डोक्यात एकही अशी आजी नव्हती, जिची एक सून परदेशात आहे.

ही फट सरकारला ठाऊक नव्हती असे नाही. असे आई-बाप हायकोर्टांचे दरवाजे ठोठावत राहिले. शेवटी २०२१ च्या सप्टेंबरात नियमांत दुरुस्ती झाली, तीनुसार हिंदू कायद्याने दत्तक घेतलेले मूल परदेशी न्यायचे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी पडताळणी करावी, तिकडच्या देशाची संमती यावी आणि मग केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने, ज्याला सगळे ‘कारा’ म्हणतात, ना-हरकत द्यावी. २०२२ च्या नव्या दत्तक नियमावलीत ही वाट कायम राहिली. चांगली गोष्ट आहे, आम्ही तिचे स्वागत करतो. पण १९५६ चा कायदा आणि भारताने २००३ साली मान्य केलेला हेगचा करार, हे दोन्ही समोर असताना ही साधी वाट काढायला अठरा वर्षे लागली. त्या अठरा वर्षांत किती मुले आजोळी मोठी झाली, याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय?

कोणी म्हणेल, सावधगिरी नको का? हवी, शंभर वेळा हवी. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि ६ फेब्रुवारी १९८४ ला न्यायमूर्ती भगवतींनी परदेशी दत्तकांसाठी नियम घालून दिले. ते विनाकारण नव्हे. दत्तकाच्या नावाखाली पोरे विकली जात होती. आपल्या पुण्यातल्या एका संस्थेचे प्रकरण मुंबई हायकोर्ट आणि सीबीआयपर्यंत गेले, ते बहुतेकांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. २०१७ साली बिहारमधून दत्तक नेलेल्या तीन वर्षांच्या मुलीचा अमेरिकेत टेक्ससमध्ये मृत्यू झाला आणि दत्तक बापाला जन्मठेप झाली. हे सगळे डोळ्यांसमोर ठेवून कोणी एखादी फाईल तीनदा तपासली, तर आम्ही त्याचे आभार मानू. आमची तक्रार तपासण्याबद्दल नाही. फाईल न तपासता ती पडून राहते, त्याबद्दल आहे. घर पाहायला माणूस गेला, शेजाऱ्यांना विचारले, बँकेची पुस्तके पाहिली, ही तपासणी. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला सात आठवडे लागले, त्या सात आठवड्यांत मुलाचे कोणते रक्षण झाले?

आणि कामाचा बोजा फार आहे हे कारण तर कोणी सांगूच नये. सरकारनेच जाहीर केलेला आकडा आहे. २०२४-२५ या वर्षात देशभरात ४,५१५ दत्तके झाली, त्यांपैकी ४,१५५ देशातल्या देशात. उरली ३६०. एवढ्या मोठ्या देशात परदेशी जाणारी मुले रोज एक, तीसुद्धा रविवार धरून. एका बऱ्याशा शाळेत याहून जास्त पोरांचे दाखले जूनमधल्या एका आठवड्यात तयार होतात.

मोठ्या कोर्टापर्यंत जाऊनही काय होते, तेही सांगतो. २००८ च्या जुलैत गुजरातेत आणंदला सरोगसीतून जन्मलेल्या बेबी मानजीचे प्रकरण आठवत असेल. बाप जपानी, आई-बापांचा घटस्फोट झालेला. जपानचा पासपोर्ट मिळेना, भारताचा द्यावा तर आई कोण हे ठरेना, आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळेना. जपानहून आजी आली आणि नातीजवळ बसून राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, ओळखपत्रावर व्हिसा मिळाला आणि नोव्हेंबरात आजी नात घेऊन गेली. त्याच २००८ साली आणंदला जन्मलेली एका जर्मन बापाची जुळी मुले २०१० पर्यंत अडकली होती, आणि ती सुटली ती दत्तकाच्याच वाटेने. ती दत्तकाची मूळ प्रकरणे नव्हेत हे आम्हांला कळते. पण मूल एका देशाचे, घर दुसऱ्या देशाचे आणि मध्ये तिसराच कायदा, ही अडचण तीच. आणि दोन्ही ठिकाणी कोणी तरी मोठ्याने ओरडले, तेव्हाच कागद हलला. लश्करातल्या आजीला ओरडता येत नाही. ती कलेक्टर कचेरीत जाते, बाबू उद्या या म्हणतो, ती उद्या जाते.

उलटीही बाजू आहे, तिचा तर आपल्याकडे कोणी विचारच करत नाही. मूल परदेशात आहे आणि घर ग्वाल्हेरात. करोनाच्या दोन वर्षांत परदेशात राहणारी कितीतरी तरुण माणसे गेली. समजा अशा घरातले मूल इथल्या काका-काकूंनी दत्तक घ्यायचे ठरवले. नियम असा की आधी त्या देशाच्या कायद्याप्रमाणे तिकडे दत्तक पूर्ण करा. तो देश हेगच्या करारातला असेल तर काराची मंजुरी घ्या. मुलाचा पासपोर्ट तिकडचा, म्हणून आपल्या वकिलातीकडे व्हिसा मागा, आणि त्याच वकिलातीमार्फत दिल्लीच्या गृहमंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाकडून प्रवेशाची परवानगी मिळवा. ग्वाल्हेरचे मूल ग्वाल्हेरला यायला दोन देशांची चार दारे. इथे आल्यावरही ते आपोआप भारताचे नागरिक होत नाही, त्याचा अर्ज वेगळा. शाळेत नाव घालायला गेलात की मुख्याध्यापक विचारणार, हा परदेशी का?

आता आपल्या लोकांना. रागावू नका.

वर सांगितलेल्या घरी दादा-वहिनींनी आधी दत्तकपत्र केले आणि मग चौकशी केली. नव्वद टक्के घरांत असेच होते असे आमचे मत आहे. मत म्हणतो, मोजलेले नाही. आपल्याला वाटते नातलगातले मूल, आपलेच रक्त, यात सरकारचा काय संबंध? वकीलही विचारत नाही की मूल कुठे राहणार आहे. तो स्टँप पेपर काढतो, फी घेतो, पेढे खातो. पण परदेशात राहणाऱ्यांसाठी क्रम उलटा आहे. समजा तुमचा भाऊ अमेरिकेचा नागरिक आहे. हेगच्या मार्गाने मूल न्यायचे तर तिकडच्या सरकारची तात्पुरती मंजुरी आधी लागते, दत्तक नंतर. आधी दत्तक उरकून घेतले तर तो मार्गच अवघड होऊन बसतो. उरतो दुसरा मार्ग. त्यात मूल सोळा वर्षांच्या आत दत्तक घेतलेले हवे आणि आई-बापांच्या कायदेशीर ताब्यात, त्यांच्याबरोबर, दोन वर्षे राहिलेले हवे. दोन वर्षे! म्हणजे दोघांपैकी एकाने नोकरी सोडून इथे येऊन राहायचे. होमाच्या दिवशी गुरुजींनी मुहूर्त काढला तसा हा हिशेबही कोणी काढायला हवा होता.

आणि भारतीय कायद्यातही परदेशातल्या नातलगांसाठी वेगळी वाट २०१५ पासून आहेच, साठावे कलम. नातलगाचे मूल, परदेशी नातेवाईक, कारामार्फत अर्ज, मग आदेश. लांब आहे, कंटाळवाणी आहे, पण तिच्या शेवटी दाखला मिळतो. आपण तिच्यावरून जात नाही, कारण तिच्यात परका माणूस घरी येऊन विचारतो की तुम्हांला मूल का झाले नाही, पगार किती, भांडणे होतात का. आपल्या जुन्या घरांना हे अपमानास्पद वाटते. सरदार-जहागीरदारांच्या घरात कोणी असे विचारील का? अहो, जहागिऱ्या जाऊन सत्तर-पंचाहत्तर वर्षे झाली. विचारू द्या, उत्तरे द्या.

याहून वाईट एक प्रकार आहे, तो लिहायला आवडत नाही, पण लिहितो. दवाखान्यातून ओळखीने ‘मिळालेले’ मूल घरी आणायचे आणि मग कागद जमवायचे. हा गुन्हा आहे. ८० व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखाचा दंड किंवा दोन्ही. अशा मूल आणणाऱ्यासाठी हे मंडळ एकही अर्ज लिहून देणार नाही.

आता राजकारण. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आला आणि तो १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला. कायद्यात दोन महिन्यांत निकाल द्या असे स्पष्ट आहे. म्हणजे आता हा प्रश्न दूर दिल्लीचा राहिला नाही, आपल्या कलेक्टर कचेरीचा झाला. आणि कलेक्टर कचेरी कोणाचे ऐकते हे सर्वांना ठाऊक आहे. आमदार-खासदारांचे. हे लोक गणपतीत आपल्याकडे आरतीला येतात, मोदक खातात, ‘मराठी समाजाचे ग्वाल्हेरच्या उभारणीत मोठे योगदान’ हे वाक्य म्हणतात आणि गाडीत बसतात. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे छावणी टाकली आणि लश्कर वसले, तेव्हापासूनचे आमचे योगदान आम्हांला पाठ आहे. ते आम्हांला परत परत ऐकायचे नाही.

आम्हांला हवे ते अगदी थोडे आहे. कलेक्टर कचेरीत दत्तकाच्या फायलींसाठी एक अधिकारी नेमा आणि त्याच्या नावाची पाटी लावा. अर्ज आला की तारखेची पोच द्या. दोन महिन्यांची मुदत उलटली तर का उलटली, ते अर्जदाराला लेखी कळवा. पासपोर्टचे काम अडले की माणसाला भोपाळला धाव घ्यावी लागते, व्हिसासाठी दिल्ली. दोन्हीकडे तीनशेवर किलोमीटर. निदान इथल्या कचेरीने आपला अहवाल थेट तिकडे पाठवावा, तान्हे मूल घेतलेल्या बाईच्या हातात बंद लिफाफा देऊ नये. मार्च २०२४ मध्ये आपल्या विमानतळाची नवी इमारत झाली, फोटो काढायला सगळे गेले होते. त्या इमारतीतून मूल बाहेर पडावे एवढी सोय मागतो आहोत. आणि खासदारांनी संसदेत एक प्रश्न विचारावा. हिंदू कायद्याखालच्या दत्तकांचे परदेशी जाण्याचे किती अर्ज २०२१ नंतर आले, किती निकाली निघाले आणि प्रत्येकाला सरासरी किती दिवस लागले. प्रश्न तयार आहे, आम्हीच लिहून देतो, त्यांनी फक्त सही करावी.

यावर कोणी हसेल की पाच-दहा घरांच्या प्रश्नासाठी एवढा आटापिटा कशाला, यात मते किती? मते थोडीच आहेत हे खरे. पण दानाओलीपासून समाधिया कॉलनीपर्यंत आज असे घर शोधायला लागते की ज्याचा एकही मुलगा-मुलगी बाहेर नाही. त्यांच्यापैकी काहींना मूल होणार नाही, काहींच्या घरी अकाली मृत्यू येईल. मग पुन्हा तीच बैठक बसेल, तीच ओटी भरली जाईल आणि तीच आजी ‘उद्या या’ ऐकून परत येईल.

त्या मुलीची खुशाली येते. नव्या घरी पहिले काही महिने ती रात्री आजीला हाक मारून उठायची. आता ती तिकडच्या शाळेत आहे, मराठी बोलते, फोनवर थोरल्या बहिणीशी भांडते. गंमत अशी की आता ती लश्करातल्या आजीला ‘मोबाइलमधली आजी’ म्हणते. दादांनी सगळ्या कागदांच्या प्रती मंडळाकडे पाठवल्या आहेत, दोन जाडजूड फायली. कोणता अर्ज कुठे द्यायचा, कोणता आधी आणि कोणता नंतर, कोणत्या कागदावर कोणाची सही लागते, हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात समासात लिहून ठेवले आहे. दर शनिवारी संध्याकाळी त्या फायली मंडळाच्या खोलीत पाहायला मिळतील, घरी नेता येणार नाहीत. कलेक्टरांना द्यायच्या निवेदनावर सह्या तिथेच घेत आहोत. पुढच्या निवडणुकीत जो उमेदवार मत मागायला येईल, त्यालाही आधी त्या निवेदनावर सही करायला सांगा, चहा नंतर द्या.